पिकअप मागून बसते: उचलण्याआधी काय तपासायचं, आणि उचलायचीच तर कशी

सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी जिनिंगकडे निघाली की वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंत गॅरेजांत एकच तक्रार येते: ‘गाडी मांगून बसते, उचलून द्या.’ त्यावरचा झटपट उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. पाटा (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) हौसिंगला (मागच्या अ‍ॅक्सलचं आडवं कवच) बांधणारे यू-बोल्ट सोडायचे, दोन्हींच्या मधे गुटका म्हणजे ठोकळा सारायचा, नट आवळायचे. अर्ध्या दिवसात गाडी दोन इंच वर येते आणि मालक खूश होतो. पण पाटा तुटलेला असेल तर तो तुटलेलाच राहतो, आणि भरलेल्या गाडीच्या ब्रेकला आता वाटतं की गाडी रिकामी आहे. ही दुसरी गोष्ट फार कमी जणांना कळते. ती खाली सविस्तर येईल.

इथलं सगळं मागे पाटे आणि सरळ हौसिंग असलेल्या मालवाहू पिकअपसाठी आहे: बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त, छोटा हत्ती, याच जातीच्या गाड्या. बहुतेक गाड्यांत पाटा हौसिंगच्या वर बसतो. तुमच्या गाडीत तो हौसिंगच्या खालून गेला असेल, तर गुटक्याबद्दल पुढे लिहिलेलं तिला लागू होत नाही.

लक्षणं

रिकामी पिकअप मागून थोडी उंचच दिसायला हवी. कंपनी ती तशीच बनवते, म्हणजे माल भरल्यावर ती समतल येते. म्हणून भरलेली गाडी खाली आली हा दोष नव्हे. दोष ओळखायचा तो असा:

– रिकामी गाडी सपाट जागेवर उभी असतानाही मागून सपाट किंवा खाली दिसते.
– एकच बाजू झुकते.
– गतिरोधकावरून जाताना मागे ‘धाड’ आवाज येतो, म्हणजे हौसिंग चेसीखालच्या रबरी बंप स्टॉपरवर आदळतं.
– लो बीमवर असूनही समोरचे लोक डिपर मारतात. मागचं खाली गेलं की पुढचा उजेड वर जातो.
– भरल्यावर स्टेअरिंग हलकं, तरंगल्यासारखं लागतं.
– मडगार्डच्या किंवा हौद्याच्या खालच्या पत्र्यावर टायर घासून काळी चकाकी आली आहे.
– मागून पाहणारा सांगतो की गाडी तिरपी चालते.

शेवटचं लक्षण दिसलं तर पुढे वाचत बसू नका. सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) तुटून हौसिंग जागेवरून सरकलेलं असण्याची दाट शक्यता असते. माल तिथेच उतरवा आणि मिस्त्रीला गाडीपाशी बोलवा.

पहिली तपासणी: हवा आणि टेप

खर्च शून्य. सकाळी, गाडी चालवण्याआधी, चारही चाकांची हवा मोजा. दाराच्या चौकटीवरच्या पाटीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे असतील तर ते पाहा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गाडी चालवून हवा मोजली तर काटा चार-सहा पीएसआय जास्त दाखवतो. तो पाहून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेचं असतं. दोन्ही बाजूंचे मागचे टायर एकाच मापाचे आहेत का, हेही पाहा. एका बाजूला नवं, दुसऱ्या बाजूला झिजलेलं वेगळ्या मापाचं टायर असेल तर गाडी झुकलेली दिसणारच.

मग मोजमाप. जागा पक्की आणि समतल हवी. धान्याचं गोदाम, सिमेंटचं अंगण किंवा पेट्रोल पंपाचा फरशीचा भाग चालेल. चाकाच्या मध्यापासून थेट वर हौद्याच्या (पुढच्या चाकांना मडगार्डच्या) खालच्या कडेपर्यंत टेपने मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. चारही चाकांचे आकडे लिहून ठेवा. मागच्या दोन बाजूंत १५-२० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर एका बाजूला काहीतरी तुटलं, सरकलं किंवा जाम झालं आहे असं धरून चाला. दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील तर पाटे थकले असतील किंवा माल जास्त जात असेल.

दुसरी तपासणी: काटा

भरलेली गाडी धरमकाट्यावर न्या आणि तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. काट्यावर चढायचा आणि उतरायचा भाग काट्याच्याच पातळीत असला तरच अर्ध्या गाडीचं वजन खरं येतं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळपास यायला हवं. आरसीवर गाडीचं मालासह कमाल वजन असतं, आणि अ‍ॅक्सलची मर्यादा आरसीत किंवा कंपनीच्या पुस्तकात सापडते.

ही तपासणी वगळली तर पुढची सगळी मेहनत वाया जाऊ शकते. अनेकदा एकूण वजन मर्यादेत असतं, पण मागच्या अ‍ॅक्सलवर ते मर्यादेबाहेर गेलेलं असतं, कारण माल फाळक्याकडे भरलेला असतो. हिशेब सोपा आहे. व्हीलबेस तीन मीटर धरा. सोयाबीनची ६० किलोची पाच पोती, म्हणजे ३०० किलो, मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे ठेवली. मागच्या अ‍ॅक्सलवर ३०० नाही, ४०० किलो येतात आणि पुढचा अ‍ॅक्सल १०० किलोने हलका होतो. स्टेअरिंग तरंगतं ते यामुळेच. तीच पोती केबिनला टेकवून लावली की गाडी निम्मी सुधारते आणि पानाही हाती घ्यावा लागत नाही. ट्रॅक्टरचा रोटावेटर किंवा मोटरपंप पिकअपमध्ये नेताना हीच चूक होते. उतरवायला सोपं म्हणून वजनदार बाजू फाळक्याकडे ठेवतात.

कापसाची अडचण वेगळी. तो वजनाने कमी, उंचीने जास्त. पाट्यांवर फार ताण येत नाही, पण भार उंच जातो. त्यात गाडी दोन इंच उचलली की पांधणीच्या (शेतरस्त्याच्या) तिरप्या धुऱ्यावर ती आणखी लवकर कलंडते. फक्त कापूस वाहणाऱ्या गाडीला उचलण्याची गरज क्वचितच असते.

वजन मर्यादेबाहेर निघालं तर कोणताही पाटा, गुटका, हवेचा फुगा मर्यादा वाढवत नाही. हौसिंग, बेअरिंग, टायर, ब्रेक, चेसी तेच राहतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

तिसरी तपासणी: धुऊन पाहणं

काळी माती पाट्यांच्या फटींत बसून वाळली की सिमेंटसारखी होते आणि तडा तिच्याखाली झाकला जातो. दाबाच्या पाण्याने पाटे, शॅकल, यू-बोल्ट आणि हँगर (पाट्याची टोकं चेसीला धरणारे कंस) धुवा, वाळू द्या, आणि टॉर्च तिरपी धरून पाहा. मेन (सगळ्यात लांब) पाट्याच्या डोळ्याभोवती, म्हणजे टोकाच्या गोल वळलेल्या भोकाभोवती, यू-बोल्टच्या अगदी कडेला आणि पाटे बांधणाऱ्या क्लिपांपाशी तडा जातो. ताजा तुटलेला भाग राखाडी, खरखरीत असतो. जुना गंजून तांबडा झालेला. पाट्यांच्या कडांवरून नख फिरवा. एक पाटा बाकीच्यांपासून थोडा सरकलेला लागला तर तो मधे तुटलेला असतो, यू-बोल्टने नुसता धरून ठेवलेला.

पाट्यांवर जळकं ऑइल मारायची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे. त्याने कुरकूर काही दिवस थांबते, पण त्या ऑइलवर बसलेली धूळ पाटे घासते आणि ऑइल डोळ्यातल्या बुशच्या रबराला मऊ करून खाते. पाटे सुटे केलेच असतील तर मधे ग्रॅफाइट ग्रीस लावा. बाहेरून ऑइल मारू नका.

चौथी तपासणी: यू-बोल्ट, सेंटर बोल्ट

यू-बोल्ट सैल असेल तर पाटे मधल्या भोकापाशी वाकतात. ते भोक हीच पाट्याची सगळ्यात कमजोर जागा. म्हणून जिथे पाटा पुन्हा पुन्हा मधेच तुटतो, तिथे दोष पाट्याच्या दर्जाचा कमी आणि यू-बोल्टच्या आवळणीचा जास्त असतो. नटाभोवती चकचकीत घासल्याची खूण किंवा गंजाची तांबडी भुकटी दिसली म्हणजे तो हलतो आहे.

सेंटर बोल्ट दिसत नाही, पण मोजता येतो. डाव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर घ्या, स्टेअरिंग सरळ ठेवून. मग उजव्या बाजूला. आठ-दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी चालवू नका.

पाचवी तपासणी: शॅकल, बुश आणि शॉकअप

शॅकल हा पाट्याच्या मागच्या टोकाचा झोका. पाटा दाबला की त्याची लांबी वाढते, ती शॅकल सामावून घेतो. तो गंजून जाम झाला की पाटा मधे वाकण्याऐवजी टोकाला अडतो; गाडी दगडासारखी कडक लागते आणि एका बाजूला खाली बसलेलीही राहू शकते. हौद्यात चार माणसांना चढ-उतार करायला लावा आणि खाली बसून दोन्ही शॅकल हलतात का पाहा. बुश फुटलं असेल तर पिनभोवती रबराचे तुकडे आणि एका बाजूला सरकलेला डोळा दिसतो.

शॉकअपबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. शॉकअप गाडी उचलत नाही, तो फक्त उसळी थांबवतो. गळका शॉकअप बदलाच, पण तो बदलून गाडी वर येईल या आशेने नाही.

सहावी तपासणी: पाट्याची कमान

गाडी रिकामी, चाकांवर उभी. मेन पाट्याच्या एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत सुतळी ताणा आणि सेंटर बोल्टजवळ सुतळी ते पाटा असं अंतर मोजा. दोन्ही बाजूंचे आकडे जुळवा. त्याच मॉडेलची कमी चाललेली गाडी गावात असेल तर तिचाही आकडा घ्या. तुलनेला याहून चांगलं माप नाही.

पूर्ण भरल्यावर पाटा जवळजवळ सरळ होतो, तो दोष नाही. रिकामा असतानाच सरळ असेल तर पाटा मेला. आणखी एक खूण: खालचा जाड हेल्पर पाटा भार वाढल्यावरच वरच्या पाट्यांना टेकायला हवा. रिकाम्या गाडीतही तो टेकलेला असेल तर वरचे पाटे थकले.

गाडी वर उचलून काम करताना

इथून पुढे चाकं जमिनीवरून उठतील, म्हणून हे आधी. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि गिअरही मागच्याच चाकांना धरतो. मागची दोन्ही चाकं हवेत गेली की गाडी कशानेच धरलेली नसते. त्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. जॅक वावरात किंवा अंगणातल्या काळ्या मातीवर लावू नका. वरून टणक दिसणारी भेगाळलेली माती भार आला की एका बाजूने खचते. सिमेंटची जागा नसेल तर जॅक आणि घोड्या (जॅक स्टँड) दोन्हींखाली निदान दोन इंच जाडीची रुंद फळी घ्या. घोड्या चेसीखाली, पाट्याच्या पुढच्या हँगरच्या थोडं पुढे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

पाट्यांचा सेट सोडताना सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना मजबूत शिकंजे (क्लॅम्प) आधी आवळा. पाटे एकमेकांना दाबून धरलेले असतात. बोल्ट सुटताच ते उसळून तोंडावर येतात. शिकंजे नसतील तर हे काम घरी करायचं नाही.

उचलायची का, आणि कशासाठी

या प्रश्नाचं उत्तर पद्धत ठरवतं. पांधणीच्या चाकोरीत मधला भाग घासतो म्हणून गाडी उचलायला येणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी वाईट बातमी: खाली घासतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि तो हौसिंगवर असतो. पाटा, गुटका, शॅकल, फुगा यांनी हौदा आणि चेसी वर जाते. गोळा तिथेच राहतो. त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरच्या मापाने बदलते. आणि टायरचं माप आरसीबाहेर जाऊन वाढवलं की स्पीडोमीटर, ब्रेक, पासिंग तिन्ही बिघडतात. खोल चाकोरीत उपाय एकच: चाकं चाकोरीच्या कडांवर ठेवून चालवणं.

एकच बाजू खाली असेल तर उचलण्याचा प्रश्नच नाही. तुटलेलं दुरुस्त करायचं. एका बाजूला गुटका सारून झुकाव लपवणाऱ्यापासून दूर राहा. त्या गाडीचं वजन चाकांवर असमान येतं आणि ब्रेक मारताच ती ओढते.

रिकामी गाडी दोन्ही बाजूंनी खाली असेल तर कंपनीच्या मापाचा नवा पाट्यांचा सेट, दोन्ही बाजूंना एकाच वेळी. नवे बुश, नवे सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट. हाच सगळ्यात सुरक्षित ‘लिफ्ट’, कारण गाडी मूळ उंचीवर परत येते आणि ब्रेक, शाफ्ट, लाइट यांचं काहीच बिघडत नाही. इतर पद्धतींशी तुलना करताना त्यांच्याबरोबरचे यू-बोल्ट, शॉकअप, ब्रेकची सेटिंग यांचाही खर्च धरा; मग फरक वाटतो तेवढा राहत नाही.

जुन्या पाट्यांना पुन्हा कमान मारणं हा स्वस्त पर्याय सगळीकडे मिळतो. पाटा भट्टीत लाल करून ठोकला आणि तसाच हवेत थंड होऊ दिला तर पोलाद मऊ पडतं आणि हंगाम संपायच्या आत गाडी पुन्हा बसते. पाण्यात बुडवला तर ठिसूळ होतो, आणि तो पाटा भर रस्त्यात एका झटक्यात तुटतो. नीट पद्धत म्हणजे ठरलेल्या तापमानाला तापवून तेलात थंड करणं आणि मग पुन्हा कमी तापमानाला टेम्पर करणं. तापमान मोजायचं साधन नसलेल्या भट्टीत ते होत नाही. थंड पाटाच प्रेसवर वाकवणं त्यापेक्षा बरं, पण पाट्याची दमलेली ताकद त्याने परत येत नाही. मेन पाट्याला तर कमान मारूच नये.

रिकामी गाडी ठीक, मर्यादेतल्या मालाने बसते: इथे एक पाटा वाढवणं किंवा हेल्पर लावणं योग्य. ढोबळ हिशेबाने पाच सारख्या पाट्यांत सहावा घातला की कडकपणा पाचव्या हिश्श्याने वाढतो. मात्र जाडीचा हिशेब फसवा आहे: कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. आठ मिलिमीटरच्या जागी दहाचा पाटा घातला तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट कडक होतो. ‘जरा जाड टाका’ म्हणणाऱ्याला हे सांगितलेलं नसतं. मग रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारते आणि संत्र्याच्या तळातल्या क्रेटचा रस होतो. नवा पाटा लांबीच्या क्रमात, मेन पाट्याखाली बसवा. त्याचं टोक शेजारच्या पाट्याच्या टोकाच्या अगदी सरळ रेषेत येऊ देऊ नका. तिथे पाटा तुटतो. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट वाढलेल्या जाडीइतके लांब लागतात.

तुमच्या गाडीचे पाटे मधे जाड, टोकांना पातळ आणि एकमेकांपासून अंतर राखलेले असतील तर ते पॅराबोलिक आहेत. त्यांच्यात साधा पाटा घुसवायचा नाही. त्यांचं काम एकमेकांना न घासण्यावर चालतं.

गुटका: कुठवर ठीक, कुठे धोका

गुटका पाट्याची ताकद वाढवत नाही, फक्त उंची वाढवतो. म्हणून मालाने बसणाऱ्या गाडीला तो उपाय नाही. पाटे चांगले आहेत आणि थोडी उंची हवी, एवढ्यापुरताच तो चालतो, आणि एक ते दीड इंचापर्यंतच. त्यापुढे नको. ब्रेक मारताना किंवा चढावर गाडी उचलताना हौसिंग स्वतःभोवती पिळायला बघतं, आणि पाटा ते थोपवतो. गुटका जितका उंच तितकी ही पिळवणूक लांब दांड्याने होते. पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, हौसिंग थरथरतं आणि शेवटी यू-बोल्ट सैल होतात.

गुटका भरीव ओतीव किंवा पूर्ण लोखंडी हवा, पाट्याइतका रुंद, हौसिंगवरच्या बैठकीइतका लांब. खाली पिन आणि वर भोक, दोन्ही सेंटर बोल्टच्या मापाला घट्ट. बाभळीचा तुकडा, चौकोनी पाइप, वेल्ड केलेल्या पट्ट्या, टायरचं रबर, एकावर एक दोन गुटके: यातलं काहीही निघालं तर गाडी उभी ठेवा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. आकसलं की यू-बोल्ट आपोआप सैल. पाइप चेपतो. आणि पुढच्या पाट्याखाली गुटका कधीच नाही, कारण पुढचा ब्रेक सगळ्यात जोराने पिळतो.

यू-बोल्ट नवेच. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेला की पुन्हा तेवढा दाब धरत नाही. कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कने, टॉर्क पान्याने, तिरप्या जोडीने, तीन-चार टप्प्यांत, गाडी चाकांवर उभी असताना आवळा. यू-बोल्टचे दोन्ही पाय एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत.

ब्रेकला फसवू नका

अनेक पिकअपमध्ये चेसीवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी हौसिंगला जोडलेली असते. लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. चेसी आणि हौसिंग यांच्यातलं अंतर कमी झालं की त्याला कळतं की माल भरला आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. अंतर जास्त असेल तर तो गाडी रिकामी समजून मागचा दाब कमी ठेवतो, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होऊन ती घसरते.

आता दीड इंच गुटका घातला. भरलेल्या गाडीतही अंतर मोठंच राहतं. व्हॉल्व्ह मागचा ब्रेक कमी देतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर जातो. सपाट रस्त्यावर फारसं कळत नाही. चिखलदऱ्याच्या घाटातून भरलेली गाडी खाली उतरवताना मात्र पुढचे ब्रेक तापून पेडल मऊ होऊ लागतं. बऱ्याच गाड्यांत ही दांडी तुटून लोंबकळत असते किंवा तारेने बांधलेली असते. लोंबकळणारी दांडी मागचा ब्रेक कमकुवत ठेवते. वर बांधलेली दांडी रिकाम्या गाडीला पावसात फिरवते. दोन्ही धोकादायक. दांडी आहे का, जोडलेली आहे का, एवढं तुम्ही पाहा. तिची सेटिंग दाबमापक लावून ब्रेकच्या जाणकारानेच करायची. अंदाजाने नट फिरवायचा नाही.

उरलेल्या पद्धती, थोडक्यात

लांब शॅकल: शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उठते. हौसिंगचं नाक वर वळतं, शाफ्टच्या क्रॉसचा कोन बदलतो, आणि उंच शॅकल आडवा डुलतो. भारवाहू गाडीला नको.

हवेचे फुगे: चालतात, पण भार एका बिंदूवर चेसीला देतात, तर पाटे तो दोन टोकांना वाटतात. खराब रस्त्यावर त्या बिंदूपाशी चेसीला तडा जाऊ शकतो. दोन्ही फुग्यांत सारखी हवा, किमान दाब कायम, टायर किंवा सायलेन्सरपासून अंतर, आणि काळी माती नियमित धुणं. हे जमणार नसेल तर हेल्पर पाटाच बरा. बंप स्टॉपरच्या जागी बसणारे जाड रबरी आधार साधे आणि टिकाऊ आहेत, फक्त गाडीच्या नेमक्या मॉडेलचे घ्या.

चेसीवर वेल्डिंग, चेसीच्या वरच्या-खालच्या पट्टीत भोक, पाट्याला वेल्डिंग: तिन्ही बंद. पाट्यावर पडलेली वेल्डिंगची ठिणगीसुद्धा तिथे तडा सुरू करू शकते.

कायद्याचं एक: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीवरच्या मूळ बनावटीत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. गाडी उंच करण्याआधी आपल्या आरटीओत विचारा. मूळ मापाचे पाटे बदलणं ही दुरुस्ती आहे, त्याला ही अडचण नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

चेसीत किंवा हँगरमध्ये तडा, ढिले रिव्हेट, हौसिंगवरची पाट्याची बैठक वाकलेली किंवा वेल्ड सुटलेली, दोन्ही बाजूंच्या व्हीलबेसमध्ये फरक, ब्रेकचा पाइप घासलेला, लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची सेटिंग, किंवा उचलल्यानंतर ४०-६० च्या वेगात नव्याने आलेली थरथर. थरथर म्हणजे बहुधा शाफ्टचा कोन बिघडला. तो उतरत्या (एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ) पट्टीने सुधारतो, पण कोन मोजूनच. यातल्या कुठल्याही कामाला रस्त्याकडेचा पंक्चरवाला किंवा नुसता वेल्डर पुरेसा नाही.

काम झाल्यावर

शॅकल आणि डोळ्याचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवल्यावर. हवेत लोंबकळताना आवळले तर रबरी बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग चेसी पुन्हा घोड्यांवर घेऊन हौसिंग मोकळं सोडा. ब्रेकच्या रबरी पाइपात ढील उरली पाहिजे. शॉकअप पूर्ण ताणला जाऊन हौसिंग त्याच्यावर लटकता कामा नये. लटकत असेल तर लांब शॉकअप लागेल. हँडब्रेक सोडून मागची चाकं हाताने फिरवा. जड फिरली तर केबल ताणली गेली आहे.

गाडी खाली घेऊन मोकळ्या रस्त्यावर रिकामी आणि मग अर्धी भरून ब्रेक तपासा. हेडलाइटची पातळी भिंतीसमोर नव्याने लावा. ५० ते १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा त्याच टॉर्कने आवळा, मग ५०० ला, आणि दर हंगामाच्या सुरुवातीला. टेपने घेतलेले चारही चाकांचे नवे आकडे तारखेसह दाराच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहा. पुढच्या दिवाळीला त्यातला एखादा आकडा १५ मिलिमीटरने कमी निघाला, तर तुटलेला पाटा माल भरण्याआधीच सापडलेला असेल.